अंगावर घातलेली माती : जिउ जित्सूमधली 'गी' समजून घेताना

"अंगात कोट घालून कुस्ती? मे महिन्यात थंडी वाजते काय रे तुला?"

आमच्या वस्तादांनी हे विचारलं तेव्हा जिउ जित्सूच्या सरावाची माझी गी तालमीच्या खुंटीवर, लंगोटांच्या शेजारी लटकत होती. त्यांनी ती हातात घेतली, कॉलर चिमटीत दाबून पाहिली, बाही उलटी केली आणि म्हणाले, "घोंगडीच की ही. पोरगं उकडून निघंल ह्यात." त्यांचा प्रश्न रास्त होता. ज्या माणसानं जन्मभर लंगोट आणि लाल माती एवढ्यातच कुस्ती पाहिली, त्याला हा जाडजूड कोट खेळाच्या उलट दिशेला जाणारा वाटणारच.

हाच प्रश्न मला गावातले पालकही विचारतात. आशियाई स्पर्धा आल्या की टीव्हीवर जाकिटं घालून एकमेकांना भिडणारे खेळाडू दिसतात आणि घरात चर्चा सुरू होते : हे ज्युदो की कराटे? २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत जिउ जित्सू, कुराश आणि सांबो हे तीन खेळ पहिल्यांदाच आले. तिन्ही कोटातल्या कुस्तीचे प्रकार. त्यातल्या कुराशमध्ये ५२ किलो वजनगटाचं कांस्यपदक कुणी आणलं? आपल्या बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं. ज्युदो खेळता खेळता ती त्या खेळाकडे वळली होती. म्हणजे कोटातली कुस्ती आपल्या शिवारापर्यंत केव्हाच पोचली आहे. ती समजून घ्यायचं तेवढं राहिलं आहे.

मी नोकरीसाठी सहा वर्षं गोव्यात होतो, तिथं ब्राझिलियन जिउ जित्सू शिकलो. आता गावी परतल्यावर संध्याकाळी पोरांना शिकवतो. त्यामुळे वस्तादांना जे उत्तर दिलं, तेच इथं जरा सविस्तर मांडतो.

गी म्हणजे नेमकं काय?

सरावाच्या कपड्यांना जपानीत 'केइकोगी' म्हणतात, त्याचं शेपूट म्हणजे 'गी'. ब्राझीलमध्ये तिलाच 'किमोनो' म्हणतात. तिचे तीन भाग : कोट, विजार आणि पट्टा.

कोटाचं कापड हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकरांच्या हातात हे कापड दिलं तर ते क्षणात ओळखतील की यात साधी उभ्या-आडव्या धाग्यांची वीण नाही. पृष्ठभागावर बारीक दाणे उठलेले दिसतात. मोत्यांसारखे दिसतात म्हणून तिला मोती वीण म्हणू. अशी वीण वजनाला फार जड नसते, पण ओढली तरी फाटत नाही. नेहमीच्या सदऱ्याचं कापड एका चौरस मीटरला शंभर-दीडशे ग्रॅम भरतं. जीन्सच्या पँटचं कापड चारशेच्या आसपास. गीचा कोट साधारण ३५० ते ५५० ग्रॅमच्या कापडाचा असतो. त्यातही पाठीवर शिवण नको म्हणून बहुतेक कोटांचा मागचा भाग अखंड कापतात, कारण शिवण हीच आधी उसवते. कॉलरमध्ये कापडाच्या घड्या किंवा रबरासारखा पट्टा भरून ती दोरखंडासारखी कडक करतात. विजारीला गुडघ्यापाशी दुहेरी कापड असतं. पूर्ण गीचं वजन दीड-दोन किलो. घाम प्यायल्यावर किती, ते घातल्यावरच कळतं.

पट्ट्याचं मूळ काम कोट मिटून ठेवण्याचं. त्याच्या रंगावरून खेळाडूचा टप्पाही कळतो : मोठ्यांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. निळा पट्टा सोळा वर्षांच्या आधी मिळत नाही. लहान मुलांसाठी करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा अशी वेगळी शिडी आहे. काळ्या पट्ट्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि ज्याला ती लागली त्याच्याशी एकदा भिडलात की त्या वर्षांचा हिशेब विचारावासा वाटत नाही.

आता एक नियम बघा. ब्राझिलियन जिउ जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेत हात समोर सरळ केला की बाही मनगटापासून ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त वर जाता कामा नये. विजारीचंही तसंच, घोट्याच्या हाडापासून ५ सेंटीमीटर. स्पर्धेआधी पट्टी लावून मोजतात. एवढा काटेकोरपणा कशाला? कारण आखूड, घट्ट बाही घातली तर समोरच्याला धरायला काही उरत नाही. अंगाला तेल चोपडून मैदानात उतरलेल्या पैलवानाला आपण जे म्हणू, तेच इथं आखूड बाहीवाल्याला म्हणतात. आपल्याला धरता येईल अशी जागा प्रतिस्पर्ध्याला द्यायचीच, ही या खेळाची अट आहे. गणवेशाला असा नियम नसतो. गी हे खेळाचं साधन आहे, क्रिकेटच्या बॅटीसारखं.

मातीचं काम कापड करतं

वस्तादांना मी त्यांच्याच हौद्याचं उदाहरण दिलं.

कुस्ती रंगात आली की दोघांचं अंग निथळायला लागतं. पकड सुटते, मनगट हातातून निसटतं. मग पैलवान काय करतो? वाकून मूठभर माती उचलतो आणि समोरच्याच्या मानेवर, दंडावर चोळतो. स्वतःच्या अंगावर समोरच्यानं माती टाकली तर तीही चालवून घेतो. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली ती माती घाम शोषते आणि हाताला पुन्हा धर मिळतो. शास्त्राच्या भाषेत याला घर्षण म्हणतात.

गी म्हणजे अंगावर घातलेली माती. ती सतत अंगावर असते, सतत घाम पिते, आणि पकड निसटू देत नाही. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला यापेक्षा जवळचं उदाहरण मला तरी सुचलेलं नाही.

पण कापड मातीच्या दोन पावलं पुढं जातं. पहिलं पाऊल वेसणीचं. चारशे किलोचा बैल माणूस नाकातल्या दोरीवर वळवतो. त्याच बैलाला खांद्याला धरून वळवून बघा. हाताचंही तसंच आहे. दंड धरला तर समोरचा ताकदीनं सोडवून घेतो. मनगटापाशी बाहीचं टोक मुठीत आलं की अख्खा हात तुमच्या ताब्यात, कारण तुम्ही तरफेच्या शेवटच्या टोकाला धरलेलं असतं. कॉलरचंही तेच : कॉलर ओढली की मान येते, मान आली की पाठीचा कणा वाकतो, आणि कणा वाकला की मांड्यांतलं सगळं बळ वाया जातं.

दुसरं पाऊल खुंट्याचं. बुजलेल्या जनावराची दोरी नुसत्या हातानं धरली तर तळहात सोलवटतात. तीच दोरी खुंट्याला दोन वेढे देऊन धरली तर पोरगंही जनावर थोपवतं. प्रत्येक वेढ्याबरोबर लागणारी ताकद झपाट्यानं कमी होते. गीमध्ये बाही हाताच्या घडीत अडकवणं, कोटाचं टोक समोरच्याच्या पायाभोवती गुंडाळणं, कॉलर मानेभोवती फिरवणं हे सगळे त्या वेढ्याचेच प्रकार.

या दोन गोष्टींमुळे हिसका मारून सुटणं जवळजवळ बंद होतं. उघड्या अंगाच्या झटापटीत अडकलो की आपण जोर लावतो, अंग घामट असतं, सटकून बाहेर येतो. कसं सुटलो ते आपल्यालाही कळत नाही. गीमध्ये पकड आधी सोडवावी लागते : बाही धरलेल्या हातावर दोन्ही हात, कंबर मागे, कोपर फिरवून एका दिशेनं. एक पायरी चुकली तर तिथंच अडकून राहायचं. खेळ संथ होतो आणि संथ झाला की डोकं चालवायला वेळ मिळतो. शिकणाऱ्याला गी आधी द्यावी असं मी म्हणतो ते याच कारणानं.

माझा स्वतःचा पहिला दिवस सांगतो. तालमीचा माणूस, वजन ऐंशीच्या वर, समोर पन्नाशीचा सडपातळ शिक्षक. मी पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला घुसलो. तो आपणहून खाली बसला, पाठीवर पडला, माझ्या दोन्ही बाह्या धरल्या आणि आपले दोन्ही तळपाय माझ्या दंडांवर टेकवले. बस्स. पुढे जावं तर पाय रेटतात, मागे यावं तर बाह्या सुटत नाहीत. पाच मिनिटं मी सूतगिरणीच्या चातीसारखा त्याच्याभोवती फिरत राहिलो. त्यानं श्वासही वाढवला नव्हता.

पाठ टेकली म्हणजे कुस्ती झाली नाही का?

आपल्या माणसाला या खेळात सगळ्यात जड जाते ती ही गोष्ट. मातीत पाठ टेकली की निकाल लागला, चितपट. जिउ जित्सूमध्ये पाठीवर पडणं ही एक जागा आहे, तिथून लढाई सुरूही होते. पाठीवर पडून समोरच्याला पायांच्या मधे किंवा पायांच्या टोकाशी रोखून धरण्याला 'गार्ड' म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवा.

गार्ड गीमुळे बहरला. खालच्या माणसाकडे वजन नसतं, ते वरच्याच्या बाजूनं काम करतं. मग खालच्याला काय मिळतं? चार दोऱ्या : दोन बाह्या आणि विजारीचे दोन पाय. वर एक कॉलर. कठपुतळीवाल्याकडे याहून जास्त काही नसतं.

गुणांची पद्धत बघितली की या खेळाची नजर कळते. समोरच्याला उभ्यानं पाडलं तर २ गुण. गार्डमधून त्याला उलटवून वर आलात तरी २. गार्ड ओलांडून बाजूला पोचलात तर ३. छातीवर बसलात तर ४ आणि पाठीवर स्वार होऊन दोन्ही पाय आत अडकवलेत तरीही ४. समोरच्यानं हार मानली तर गुण मोजायची गरजच नाही.

आता तालमीच्या पोराचं काय होतं ते ऐका. त्याची चांगली खोड आणि वाईट खोड एकाच मुळातून येते. पाठ टेकू नये म्हणून तो झटक्यात पालथा होतो. मातीत हे शहाणपण आहे, खाली बसून अंग चोरून तो कितीतरी वेळ काढू शकतो. गीमध्ये पालथं होणं म्हणजे समोरच्याला चार गुणांची जागा आणि मागून कॉलर, दोन्ही देऊन टाकणं. मी हे शिकायला एक वर्ष घेतलं. शरीर ऐकतच नव्हतं, कारण दहा वर्षांच्या तालमीनं मणक्यात लिहून ठेवलं होतं की पाठ टेकायची नाही.

उलट बाजूनं तालमीचा फायदाही मोठा आहे. ज्युदोनं २०१० पासून पायांना हात घालण्यावर बंधनं आणली आणि पुढं ती कडक केली. त्यामुळे पट काढणारा आपला पोरगा ज्युदोत गेला की त्याचं हुकमी हत्यार काढून घेतलं जातं. जिउ जित्सूमध्ये पट चालतो, ढाक चालते, टांग चालते. फक्त डोकं कुठल्या बाजूला ठेवतो यावर लक्ष हवं, कारण खाली वाकलेली मान समोरच्याच्या काखेत सापडली की तोच गळा आवळतो. आणि समोरच्यानं आधीच कॉलर धरून ठेवली असेल तर पटापर्यंत पोचताच येत नाही. आधी त्या हाताचा निकाल लावायचा, मग पायाकडे जायचं.

मातीतही जांघियाची पकड चालते, त्यामुळे कापड धरून खेळवणं आपल्या पोरांना अगदी परकं नाही. मॅटवरच्या कुस्तीत मात्र कपड्याला हात लावायलाच बंदी. त्या हिशेबानं गी मॅटपेक्षा मातीला जास्त जवळची आहे असं माझं मत आहे, आणि वस्तादांना ते पटलंही.

हा प्रकार जपानचा की ब्राझीलचा?

थोडक्यात सांगतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. सुरुवातीच्या गीच्या बाह्या आणि विजार आखूड होत्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लांब झाल्या. कोपरं-गुडघे सोलवटणं कमी झालं आणि पकडींना जागा मिळाली. त्याच शाळेतला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, पुढं उत्तरेकडच्या बेलेम शहरात स्थायिक झाला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, कार्लोसच्या घरात हा खेळ पिढीजात झाला. धाकटा भाऊ हेलिओ अंगानं किरकोळ होता, म्हणून त्यानं खाली पडून लढण्याच्या, तरफेच्या डावांवर भर दिला.

१९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलिओ आणि जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा भिडले. किमुरानं हेलिओचा हात मागे पिळला, हात मोडला तरी हेलिओनं हार मानली नाही, शेवटी त्याच्या बाजूनं टॉवेल टाकून हार कबूल केली गेली. ब्राझीलवाल्यांनी त्या डावाचं नाव 'किमुरा' ठेवलं. ज्यानं आपल्याला हरवलं त्याच्या नावानं डाव शिकवायचा, ही गोष्ट तालमीत वाढलेल्या माणसाला लगेच कळते.

आणखी एक दुवा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्याच वजनगटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीनं नेलं. इशी मुळात ज्युदोचा. युद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर बंधनं आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. कोट उतरवून मॅटवर आलेला माणूस ऑलिंपिक विजेता होतो, तर लंगोटातून कोटात जाणाऱ्या आपल्या पोरांनी कशाला बिचकावं?

गळा आवळायचा म्हणजे जिवावरचा खेळ झाला की

आयांचा हा पहिला प्रश्न असतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. शेतात पाण्याची पाइप मुडपली की पुढं पाणी जात नाही, तसंच कॉलरच्या कडेनं या दोन्ही बाजू एकदम दाबल्या की मेंदूचा पुरवठा घटतो. नीट बसलेला फास असेल तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपू शकते. श्वासनलिकेवर समोरून दाब देणं ही वेगळी गोष्ट. ते वेदनादायक आणि घशाला इजा करणारं असतं, म्हणून चांगले शिक्षक बाजूंनी दाब द्यायलाच शिकवतात.

इथपर्यंत ऐकून भीती वाटेल. पण शुद्ध हरपायच्या बरंच आधी खेळाडू थाप देतो : समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा हात आपटायचा. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं, हा नियम मोडणाऱ्याला कुठल्याही बऱ्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी दार बंद. हात अडकलेले असतील तर तोंडानं ओरडायचं. लहान मुलांसाठी धोक्याचे कित्येक डाव नियमांनीच बंद आहेत, आणि शिक्षक शेजारी असल्याशिवाय फास बसवायचा नाही हे मी पहिल्या दिवशी सांगतो. घरी, गच्चीवर, मोबाइलवर बघून भावाच्या गळ्यावर प्रयोग करायचा नाही म्हणजे नाही. शुद्ध हरपलीच, किंवा नंतर डोकं दुखणं, दृष्टी अंधुक होणं, हातापायाला मुंग्या येणं असं काही झालं, तर खेळ थांबवून डॉक्टर गाठायचा.

खरं सांगायचं तर गीमध्ये गळ्यापेक्षा बोटांची काळजी जास्त करावी लागते. बाही आणि कॉलर तासन्‌तास मुठीत आवळून बोटांचे सांधे सुजतात. माझी उजव्या हाताची दोन बोटं सकाळी उठल्यावर थोडा वेळ वाकत नाहीत. बोटांना पट्टी गुंडाळणं, आणि सोडायची वेळ आली की पकड सोडणं, हे शिकायला मला उशीर झाला. पोरांना मी ते आधी शिकवतो.

रस्त्यावर कोण गी घालून येतं?

कुणीच नाही. पण डिसेंबरात बेळगावच्या बसस्टँडवर उभे राहा : जर्किन, स्वेटर, जीन्स. कॉलर आणि बाही सगळ्यांना आहे. तरीही मी पोरांना भांडणासाठी शिकवत नाही, त्यामुळे या मुद्द्यावर जास्त बोलणार नाही.

जास्त खरा आक्षेप असा : पिंजऱ्यातल्या झुंजीत, म्हणजे ज्याला सगळे एमएमए म्हणतात त्यात, कुणी गी घालत नाही. मग शिकायची कशाला? १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या पिंजऱ्यातल्या झुंजीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा हेलिओचा मुलगा रॉइस ग्रेसी गी घालूनच उतरला होता, आणि एका रात्रीत तिघांना हरवून जिंकला. पण दुसरी बाजूही आहे. २००० साली टोकियोत तोच रॉइस कझुशी साकुराबा या जपानी कुस्तीगिराशी दीड तास लढला. साकुराबानं त्याची गीच त्याच्याविरुद्ध वापरली, कोट धरून त्याला जखडलं. शेवटी रॉइसच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. समोरच्याला धरायला काही नाही आणि आपल्याला सगळीकडे आहे, अशा लढतीत गी ओझं ठरते. दोघांच्या अंगात असेल तरच तिचा न्याय होतो.

म्हणून ज्याला पिंजऱ्यातच जायचं आहे त्यानं गीशिवायचाही सराव करायलाच हवा. १९९८ पासून अबू धाबीवाल्यांची एडीसीसी ही गीशिवायची मोठी स्पर्धा होते, तिथं चाली वेगळ्या आणि वेग जास्त. दोन्ही खेळणारे बरेच जण सांगतात की गीनं बारकावा येतो आणि गीशिवाय वेग येतो. मला मात्र सुरुवात गीनं केलेलीच बरी वाटते. बारकावा उशिरा अंगात भिनतो, वेगाला तेवढा वेळ लागत नाही.

आपली कुस्ती सोडून हे परदेशी खूळ कशाला?

हा आक्षेप घेणाऱ्यांवर मी कधी चिडत नाही, कारण त्यामागं तालमीवरचं प्रेम असतं. ज्या गावात कधीकाळी चार तालमी होत्या तिथं आज एकच उघडी असते. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच, मराठीत तालीम म्हणा की कन्नडात गरडी मने.

पण आपल्या शिवाराकडे बघा. बेळगावच्या बाजारपेठेत ढिगानं येणारा बटाटा, खानापूर-चंदगडच्या डोंगरातला काजू, निपाणीचा तंबाखू, जेवणातली मिरची : चारही पिकं समुद्रापलीकडच्या अमेरिका खंडातली. काजू तर थेट ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आज कुणी काजूला परदेशी म्हणत नाही, आणि काजू आला म्हणून ज्वारी गेली असंही झालं नाही.

तालीम रिकामी होण्याची कारणं वेगळी आहेत : खुराकाचा खर्च, मैदानांवरचा कमी झालेला इनाम, नोकरीची शाश्वती नसणं. गीनं त्यात भर पडत नाही. उलट माझ्याकडे येणाऱ्या पोरांतली तीन पोरं उभ्यानं कच्ची पडतात म्हणून आता पहाटे तालमीत जायला लागली आहेत.

मुलींच्या बाबतीत तर मला गीचे आभारच मानावे वाटतात. तालमीची दारं मुलींना कितपत उघडी असतात ते आपल्याला ठाऊक आहे. अंगभर जाड कपडे असलेला खेळ म्हटल्यावर घरातली मोठी माणसं निदान बघायला तरी येतात, आणि एकदा बघून गेली की पुढचं बोलणं सोपं होतं.

खर्च, पाऊस आणि गजकर्ण

बरी गी काही हजार रुपयांना पडते. सुरुवातीला ज्युदोची जुनी गी चालते. तिच्या बाह्या जास्त रुंद आणि कोट लांब असतो, सरावाला त्यानं अडत नाही. सुती कापड आटतं, म्हणून पहिली धुलाई होईपर्यंत बाही थोडी लांब वाटली तर घाबरू नका. गरम पाणी मात्र अजिबात नको.

मातीत हळद असते, ताक असतं, कडुलिंबाचा पाला टाकतात. कापडात यातलं काहीच नाही. त्यामुळे प्रत्येक सरावानंतर गी धुतलीच पाहिजे, पट्ट्यासकट. पट्टा धुतला की त्यातली कमाई जाते असं मानणारे काही जण असतात. त्यांच्या गळ्याजवळ एकदा गजकर्ण झालं की मत बदलतं. नखं कापलेली हवीत, अंगावर चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत मॅटवर यायचं नाही.

आपल्याकडे खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. जुलैत आमच्याकडं चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि पाचशे ग्रॅमचं कापड पडवीत दोन दिवस टांगलं तरी काखेत ओलंच राहतं. ओली गी पुन्हा घालू नका, वास आणि नायटा दोन्ही घेऊन येते. उपाय दोन. पावसाळ्यासाठी हलक्या कापडाची दुसरी गी, किंवा त्या दिवसांत आठवड्यातून एखादाच सराव गीमध्ये आणि बाकीचे गीशिवाय. गी उलटी करून, बाह्यांतून काठी घालून पंख्याखाली टांगायची. चुलीच्या वरच्या दोरीवर टाकू नका. वाळते लवकर, पण धुराचा वास जात नाही आणि कॉलरमधलं रबर कडक होतं.

मग पोरानं सुरुवात कशी करावी?

पहाटेची तालीम सोडायची नाही. जोर, बैठका, दोर, मानेचा व्यायाम या सगळ्याची गीमध्ये गरज पडते, विशेषतः मानेची. संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस गी पुरे. पहिला महिना फक्त पकडी : बाही कशी धरायची, चार बोटं आत आणि अंगठा बाहेर कुठं चालतो, कुठं नाही. बाहीच्या किंवा विजारीच्या तोंडात बोटं घालणं स्पर्धेत चालत नाही, ती सवय पहिल्याच दिवशी मोडायची. मग धरलेली पकड सोडवायची कशी. मग कॉलरचा साधा फास, छातीवर बसून दोन हातांनी घ्यायचा. रॉजर ग्रेसीसारख्या जगज्जेत्यानं काळ्या पट्ट्यांच्या लढतींत पहिल्या महिन्यात शिकवल्या जाणाऱ्या याच डावानं पुन्हा पुन्हा जिंकून दाखवलं आहे, त्यामुळे तो लहान मुलांचा म्हणून घाईनं उरकायचा नाही.

आणि त्यानंतरचे दोन महिने पाठीवर पडून राहायचं. खालून समोरच्याला रोखायचं, उठायची घाई करायची नाही, पालथं व्हायचं नाही. हे चालू असताना वस्ताद बघायला आले तर त्यांच्या जिवाचं पाणी पाणी होईल, म्हणून त्यांना आधी घरी जाऊन सांगून या.